विंचू, कुलूप आणि प्रॅझोसिन

भूमच्या माळावर दगड उचलायचा तर आधी काठीनं ढोसून बघायचा, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. विंचू चावला की वेदनेनं माणूस मरतो, असं मला तेव्हा वाटायचं. तसं नसतं.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे अंगात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनचा लोंढा येतो. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर अल्फा-१ नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीत सात वेळा आत-बाहेर ओवलेलं प्रथिन, त्यात एक खाच. नॉरअ‍ॅड्रेनालिन त्या खाचेत बसलं की वाहिनी आवळते. सगळ्याच आवळल्या तर? हातपाय गार, दरदरून घाम, उलट्या. मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडमधल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली, आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात उपाय: प्रॅझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी.

हीच गोळी का? प्रॅझोसिन त्याच खाचेत बसतं, पण कुलूप फिरवत नाही. नुसतं जागा अडवून ठेवतं. शिवाय ते अल्फा-२ ला फारसं चिकटत नाही, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. अल्फा-२ असतो मज्जातंतूच्या टोकावर, नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडण्याला ब्रेक म्हणून. फेन्टोलामाइनसारखं जुनं औषध दोन्ही अडवतं, म्हणजे ब्रेकही काढून टाकतं! (आजोबांच्या प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनची गोळीही याच घराण्यातली, पण ती अल्फा-१ च्या ठरावीक उपप्रकारांनाच जास्त धरते.)

पण खाचेसाठी ही चढाओढ आहे. लोंढा जितका मोठा, तितकं प्रॅझोसिन मागे ढकललं जातं. त्याचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो. आपल्याकडे विंचू उतरवणाऱ्याच्या ओट्यावर जातात ते हेच तास.

गोळी घरात ठेवून स्वतःच घ्यावी, असंही नाही. पहिल्या डोसनंतर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रुग्णाला आडवंच ठेवतात. आणि प्रॅझोसिन विष मारत नाही. ते काम प्रतिविषाचं. बावस्करांच्याच २०११ च्या चाचणीत प्रॅझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले रुग्ण नुसत्या प्रॅझोसिनवाल्यांपेक्षा लवकर सावरले.