एकच शस्त्रक्रिया, दोन निकाल

आमच्या घरात दोन बायपास झाल्या. आधी बाबांची, चार वर्षांनी आईची. रुग्णालय तेच, शल्यचिकित्सकही तेच. बाबा आठव्या दिवशी घरी आले आणि दोन महिन्यांत पहाटे चालत जाऊन दूध आणू लागले. आई मात्र तेवीस दिवस रुग्णालयात होती. तिला चार पिशव्या रक्त द्यावं लागलं, छातीच्या जखमेत पू झाला, घरी आल्यावरही वर्षभर तिची उभारी परत आली नाही. ‘बायकांचं जरा अवघडच असतं,’ असं तिथले एक डॉक्टर मला म्हणाले. त्यात सहानुभूती होती, पण उत्तर नव्हतं.

मी तीस वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. दोन रुग्णांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे दरवर्षी मुलांना बजावत आले. म्हणून आई जरा सावरल्यावर मी वाचायला बसले. हा आमच्याच घरचा योगायोग होता, की खरोखरच बायकांचे निकाल वेगळे लागतात? आणि लागत असतील, तर का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळालं. २०११ ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेत झालेल्या सुमारे तेरा लाख बायपास शस्त्रक्रियांची नोंद न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक मारिओ गाउदिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. तो अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांत स्त्रिया जेमतेम चौथा हिस्सा होत्या. शस्त्रक्रियेच्या काळात दर हजार पुरुषांमागे सतरा दगावले, तर दर हजार स्त्रियांमागे अठ्ठावीस. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, दहा वर्षांत तंत्र एवढं सुधारूनही दोघांमधलं अंतर कमी झालं नाही.

इथे संख्याशास्त्राची शिक्षिका जागी होते. स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा साधारण सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारी स्त्री बहुधा वयानं मोठी असते आणि मधुमेह, रक्तदाब सोबत घेऊन येते. म्हणजे आपण साठीच्या पुरुषाची सत्तरीच्या स्त्रीशी तुलना करतोय, असं तर नाही ना? शंका रास्त आहे, आणि या कारणांचा हिशेब धरला की अंतर बरंचसं आक्रसतंही. पण वय हेच खरं कारण असेल, तर तरुण वयात हा फरक जवळजवळ नाहीसा व्हायला हवा.

अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या व्हायोला व्हॅकारिनो यांनी हेच तपासलं. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बायपास झालेले एक्कावन्न हजारांवर रुग्ण होते. निकाल अपेक्षेच्या नेमका उलट आला. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण १.१ टक्के होतं, त्याच वयाच्या स्त्रियांत ३.४ टक्के, म्हणजे तिप्पट! वय वाढत गेलं तसं अंतर कमी होत गेलं. बाई जितकी तरुण, तितकी ती पुरुषाच्या तुलनेत अधिक धोक्यात. याचं पूर्ण उत्तर आजही हाती आलेलं नाही, पण ‘वय झालं होतं’ या स्पष्टीकरणामागे आता लपता येत नाही.

मग शरीररचना? तिचा वाटा आहेच. स्त्रियांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या पुरुषांपेक्षा बारीक असतात, अंगकाठीचा फरक जमेस धरूनही. बारीक नळीला बारीक नळी जोडणं हे कसबाचं काम. अँजिओप्लास्टीतही अरुंद वाहिनीत फुगा आणि स्टेंट नेणं अधिक नाजूक. १९८०च्या दशकातल्या अँजिओप्लास्टीच्या नोंदींत स्त्रियांचे निकाल स्पष्टपणे वाईट दिसतात. पुढे फुगे आणि तारा बारीक झाल्या, स्टेंट सुधारले, तसे ते निकालही सुधारले. वाहिन्यांची जाडी बदलली नव्हती, बदललं होतं ते हत्यार. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शरीर वेगळं असणं हा दोष नव्हे. एकाच मापाचं हत्यार दोघांसाठी वापरणं, हा दोष.

हे माप आलं कुठून? बायपासच्या इतिहासात याचं उत्तर सापडतं, आणि त्यात एक विचित्र योग आहे. पायातली शीर काढून हृदयाच्या बंद वाहिनीवर वापरण्याची शस्त्रक्रिया अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी मे १९६७मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये केली. त्यांची ती पहिली रुग्ण एक्कावन्न वर्षांची स्त्री होती! पण ही शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस आहे का, हे पाहणाऱ्या १९७०च्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांत काय झालं? युरोपातल्या चाचणीत ७६८ रुग्ण होते, सगळे पुरुष. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीतही सगळे पुरुषच. वैद्यकाचे नियम अशा चाचण्यांवरून ठरतात. पहिली रुग्ण स्त्री आणि नियम पुरुषांवरून, असा हा प्रकार.

१९९१मध्ये यावर उघड बोललं गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक, हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी ‘येंटल सिंड्रोम’ असा शब्द वापरला. येंटल ही आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेतली ज्यू मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती मुलाचा वेष घेते. हीली यांचं म्हणणं असं की, आपलं हृदय पुरुषाइतकंच आजारी आहे हे सिद्ध केल्यावरच स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याच अंकात एक अभ्यास होता. हृदयविकारानं रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रियांची अँजिओग्राफी आणि पुढची प्रक्रिया पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात होते, असं त्यात दिसलं होतं.

हे वाचताना मला आई आठवली. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा आम्ही अर्ध्या तासात त्यांना रुग्णालयात नेलं होतं. आईला मात्र दीड वर्ष जिना चढताना धाप लागत होती, जबडा दुखत होता, छातीत भरून यायचं. आम्ही तिला पित्ताच्या गोळ्या दिल्या. फॅमिली डॉक्टरांनीही त्याच दिल्या. छातीत दुखणं हे स्त्री-पुरुष दोघांतही मुख्य लक्षण असतं, पण स्त्रियांत त्याच्या जोडीला धाप, मळमळ, थकवा, जबड्यात किंवा पाठीत दुखणं अधिक आढळतं आणि मूळ दुखणं त्या गर्दीत हरवतं. आई तर बोललीही नाही. पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘अगं, तुझ्या बाबांचं पथ्यपाणी सांभाळायचं की माझं रडगाणं गायचं?’’ दुखणं अंगावर काढणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार बायकांसाठीच घडला असावा, असं कधीकधी वाटतं.

आता त्या चार पिशव्या रक्ताकडे येते. बायपास करताना रुग्णाला बहुतेकदा हृदय-फुप्फुस यंत्रावर ठेवतात. यंत्राच्या नळ्या आधी लिटर-दीड लिटर द्रवानं भरलेल्या असतात आणि तो द्रव रुग्णाच्या रक्तात मिसळतो. लहान चणीच्या स्त्रीच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यात हिमोग्लोबिन कमी. तिचं रक्त पुरुषापेक्षा अधिक पातळ होतं. शस्त्रक्रियेदरम्यानच्या या रक्तक्षयाचा स्त्रियांच्या जादा मृत्यूंमध्ये मोठा वाटा असल्याचं अलीकडच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच जवळचा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्क्यांना. घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खाणारी बाई टेबलावर येते ती आयुष्यभराची ही तूट घेऊन.

पण ही तूट भरून काढता येते. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधी लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवता येतं. यंत्राच्या नळ्या आखूड ठेवता येतात. अँजिओप्लास्टीत स्त्रियांना रक्तस्राव अधिक होतो. तिथे जांघेऐवजी मनगटातून जाणं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांची मात्रा वजन व मूत्रपिंडाचं काम पाहून ठरवणं यानं धोका कमी होतो. छातीतली धमनी जोडलेली बायपास पायातल्या शिरेपेक्षा जास्त टिकते, पण स्त्रियांत ती कमी वेळा वापरली जाते. कारण असल्यास असो, पण ते विचारायला हवं.

आणि घरी आल्यावर? छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर जड उचलायचं नाही. बाबांना आम्ही पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. आई तिसऱ्या आठवड्यात ओट्यापाशी उभी होती, आणि भरलेला कुकर तिनं उतरवला तेव्हा आमच्यापैकी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. हृदयरुग्णांसाठीच्या पुनर्वसन वर्गात बाबा बारा आठवडे गेले. आईला कोणी पाठवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. स्त्रियांना तिथे कमी पाठवलं जातं आणि गेल्या तरी त्या मध्येच सोडतात, असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं.

हे सारं वाचून कोणी शस्त्रक्रियेला घाबरू नये. हजारातल्या अठ्ठावीस दगावतात म्हणजे नऊशे बहात्तर वाचतात. गरज असताना शस्त्रक्रिया टाळण्याचा धोका बहुधा याहून मोठा असतो. ‘बायकांचं जरा अवघडच असतं’ हे वाक्य खोटं नाही, ते अर्धवट आहे. अवघड का, आणि त्यातलं किती आपल्या हातात आहे, हे त्यापुढे यायला हवं.

गेल्या वर्षी धाकट्या मावशीला बायपास सांगितली. मी यादी करूनच डॉक्टरांकडे गेले. पहिला प्रश्न हिमोग्लोबिनचा होता. ते नऊच्या थोडं वर निघालं. तिची प्रकृती स्थिर होती, म्हणून डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलून आधी शिरेतून लोह दिलं. मावशी दहाव्या दिवशी घरी आली. एका रुग्णावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण तिला रक्ताची एकच पिशवी लागली, आणि तीन महिने तिच्या घरी कुकर मावसोबांनी लावला.