डबल पत्तीची करामत

2021 साली म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या धास्तीत मोबाइलवर एक संदेश फिरला: कांद्याच्या सालीवरचा काळा थर म्हणजेच ‘ब्लॅक फंगस’. कांदा उगाच बदनाम झाला. तो थर अस्परजिलस नायजर या अगदी वेगळ्या बुरशीचा. कांदा साठवायच्या चाळीत तिला काजळी म्हणतात. सायट्रिक आम्लाचे कारखाने हीच बुरशी मुद्दाम वाढवतात.

चाळीत मात्र ती नुकसान करते. नाशिककडे एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चांगल्या भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत चाळीत राहतो, आणि मधे येतो पावसाळा. तिशीच्या आसपासचं तापमान, 80 टक्क्यांवरची आर्द्रता. काजळीला आणखी काय हवं? वरच्या पत्तीखाली, शिरांच्या रेषेवर काळी भुकटी धरते. फ्युजेरियमची बुडकूज शेतातल्या मातीतूनच सोबत येते. मानकुजीच्या बॉट्रायटिसला गारवा मानवतो, त्यामुळे तिचा त्रास थंड देशांत जास्त.

लिलावात व्यापारी ‘डबल पत्ती’चा, म्हणजे दुहेरी सालीचा कांदा उगाच शोधत नाहीत; साल कांद्याला राखते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधक जे. सी. वॉकर आणि कार्ल पॉल लिंक यांना एक कोडं पडलं होतं. कोलेटोट्रिकम बुरशीचे काळे डाग पांढऱ्या कांद्यावरच का पडतात, रंगीत कांदा का वाचतो? उत्तर वाळलेल्या सालीत सापडलं. रंगीत सालीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि कॅटेकोल असतं. ते दवाच्या थेंबात उतरतं आणि बीजाणू रुजण्याआधीच मरतो. साल सोलली की आतल्या ओल्या पाकळ्यांना हे संरक्षण नाही.

काजळी या रसायनांना फारशी दाद देत नाही. लाल कांद्यावरही ती सुखाने नांदते. तिच्याविरुद्ध कोरडेपणाच कामी येतो. म्हणून निम्म्या माना पडल्यावर काढणी करायची, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकून तीन-चार दिवस शेतातच सुकवायचा आणि पात कापताना इंचभर मान ठेवायची. मान पिळून बंद झाली की बुरशीची मोठी वाट बंद होते. घाईने चाळीत भरलेला ओल्या मानेचा कांदा शेजारच्या कांद्यांनाही सडवतो.

लासलगावच्या विकिरण केंद्रात गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबतात. त्या सौम्य मात्रेने बुरशी मात्र मरत नाही.