चा-चा-चा: सामान्यांच्या पायांसाठी

ठाणे-डोंबिवलीतल्या डान्स क्लासमध्ये शिकवला जाणारा चा-चा-चा अनेकांना बड्या क्लबांतला नाच वाटतो. त्याचा जन्म मात्र नेमक्या उलट गरजेतून झाला. मांबो या क्युबन नाचाच्या आडवळणी ठेक्यावर हवानातले साधे नाचणारे अडखळत. ते पाहून व्हायोलिनवादक एन्रिके होरीन यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दान्सोन या जुन्या क्युबन नृत्यसंगीताच्या परंपरेतून सोप्या, ठळक ठेक्याच्या चाली बांधल्या. चार मात्रांत दोन सावकाश आणि तीन झटपट पावले, हा या नाचाचा गाभा. कंबर मुद्दाम हलवायची नसते. गुडघा सरळ होत वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेले की ती हलतेच. म्हणून कंबर हलते एवढ्यावरून त्याला सवंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘हा आपला नाच नव्हे’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पर्धांतले त्याचे रूप ब्रिटिश शिक्षकांनी घडवले, हेही खरे. पण लॅटिन ठेक्याची गोडी आपल्याला इथल्याच कलावंतांनी लावली. ‘अलबेला’ चित्रपटात भगवानदादा नाचले, त्यातल्या ‘शोला जो भडके’ गाण्याला संगीतकार सी. रामचंद्रांनी बाँगोचा ठेका दिला आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर झळकले. तो चित्रपट १९५१ चा. होरीन यांचे गाजलेले चा-चा-चा गीत ‘ला एंगान्यादोरा’ ध्वनिमुद्रित झाले त्यानंतर, १९५३ मध्ये.