बर्फाविना हिवाळी सहल

नाताळच्या सुट्टीत मुलांना मनालीचा बर्फ हवा होता. सासूबाईंना दम्यामुळे उंचावर नेता येत नाही, आणि त्यांना घरी ठेवून जाणं जिवावर येत होतं. म्हणून एका रविवारी सकाळी राजवाड्याजवळ पोहे-जिलबी खाऊन आम्ही महेश्वरला निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर.

राजवाड्याचे सात मजले मुलं नेहमीच पाहतात. पण अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून चालवला आणि १७९५ मध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं, हे त्यांना नवीन होतं.

घाटाच्या पायऱ्या सासूबाईंना झेपेनात. त्या वरच उन्हात बसल्या आणि नातवंडांना म्हणाल्या, "माझ्या साडीचा काठ दगडात शोधून दाखवा!" महेश्वरी साडीचे कितीतरी काठ किल्ल्याच्या नि घाटाच्या कोरीव कामावरून घेतलेले आहेत. मुलं तासभर हिंडली आणि धावत आली, "आजी, सापडला!"

तुम्हीही जा. लवकर निघा, शाल घ्या, आणि आजी-आजोबांना आवर्जून न्या. रात्री सराफ्यात गरमागरम गराडू खाताना मनालीचं नावही कुणी काढलं नाही.