उद्योगपतींचे औदार्य आणि स्थलांतरिताचा हक्क

परदेशी माणसांसाठी दारे उघडी ठेवा, असा आग्रह धरून अमेरिकेतील उद्योगपती आपल्याच सरकारशी भांडत आहेत, हे दृश्य वरवर पाहता विस्मयकारक वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. पुढच्याच महिन्यात 'यूएस चेंबर ऑफ कॉमर्स' ही तेथील बलाढ्य व्यापारी संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेली. महापे-ऐरोलीच्या संगणक-उद्योगावर ज्यांचे संसार उभे आहेत, अशा कोपरखैरण्यातील कुटुंबांना हा आधार वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे औदार्य नेमके कशाचे, याचा विचार व्हावयास हवा.

हा पाठिंबा नवा नाही. २०१३ साली स्थलांतर कायद्याच्या व्यापक सुधारणेचे विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले, तेव्हाही उद्योजक त्यामागे उभे होते. पुढे प्रतिनिधिगृहाने ते विचारातच घेतले नाही. कुशल माणसे आल्याने उत्पादन वाढते, हे उद्योजकांचे म्हणणे खरे आहे. तथापि 'माणसांची टंचाई आहे' असे मालक जेव्हा सांगतो, तेव्हा 'कोणत्या वेतनावर?' हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारलाच पाहिजे.

१९९० च्या कायद्याने निर्माण झालेल्या या व्हिसाचा अर्ज कामगार करीत नाही, मालक करतो. नोकरी सुटली की सामान्यतः साठ दिवसांच्या आत नवा मालक वा दुसरा मार्ग शोधावा लागतो. एरवी देश सोडणे प्राप्त होते. नोकरी बदलता येते, पण नव्या मालकानेही अर्ज केला तरच! त्यातच कायम वास्तव्याच्या परवान्यांवर प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबते. ज्याला सहज सोडून जाता येत नाही, तो वेतनाची घासाघीस काय करणार? शिवाय त्याच्या या अगतिकतेची झळ स्थानिक कामगारालाही लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत सापडते. सातारा-सांगलीकडून मुंबईत आलेला हमालही स्थलांतरितच होता. कै. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने कामगाराची नोंद व्यापाऱ्याच्या वहीतून काढून त्रिपक्षीय मंडळाकडे नेली. मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने वेतन, भविष्यनिर्वाह निधी आदी लाभ द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे एका व्यापाऱ्याची मर्जी गेली तरी कामगाराची नोंद व लाभ टिकून राहतात. या मंडळांविषयी तक्रारी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणून मूळ तत्त्व खोटे ठरत नाही.

अभियंत्यासाठी हमालाची मंडळे काढा, असे येथे सुचवावयाचे नाही. परवाना कामगाराच्या नावे असावा आणि मालक बदलण्यास त्याला मुभा असावी, एवढेच मागणे आहे. आपले सरकार व उद्योगसंघटना वॉशिंग्टनशी बोलताना व्हिसांच्या संख्येवरच भर देतात. त्यांनी या स्वातंत्र्याचाही आग्रह धरावा. अमेरिकन उद्योजक अशा सुधारणेलाही तितक्याच उत्साहाने पाठिंबा देतील काय? त्यांच्या औदार्याची खरी कसोटी तीच होय.