गॅलटिन, आल्बर्ट
(२९ जानेवारी १७६१ – १२ ऑगस्ट १८४९). अमेरिकन मुत्सद्दी व अर्थशास्त्रज्ञ. जन्म स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे एका प्रतिष्ठित कुटुंबात. आईवडील लहानपणीच वारले. जिनीव्हा अकादमीतून १७७९ मध्ये पदवी घेतल्यावर पुढील वर्षी तो अमेरिकेस गेला. काही काळ हार्व्हर्ड येथे फ्रेंच शिकवून तो पश्चिम पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाला. १७९३ मध्ये तो सीनेटवर निवडून आला. तथापि नागरिकत्वाची आवश्यक नऊ वर्षे पूर्ण झाली नसल्याच्या कारणावरून १७९४ मध्ये त्याची निवड रद्द करण्यात आली. त्याच वर्षी व्हिस्कीवरील कराविरुद्ध उठाव झाला, तेव्हा शेतकऱ्यांची बाजू मांडतानाच त्याने त्यांना हिंसेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. प्रतिनिधिगृहाचा सदस्य असताना (१७९५–१८०१) त्याने हॅमिल्टनच्या अर्थनीतीवर टीका केली आणि शासकीय खर्चावर विधिमंडळाचे नियंत्रण असावे, असा आग्रह धरला.

जेफर्सन व मॅडिसन या राष्ट्राध्यक्षांच्या कारकीर्दींत तो अर्थमंत्री होता (१८०१–१४). सार्वजनिक ऋण फेडणे हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट होते. त्यासाठी त्याने दरवर्षी ७३ लाख डॉलर राखून ठेवण्याची योजना आखली. अंतर्गत कर रद्द होऊन व लुइझिअ‍ॅना प्रदेशाच्या खरेदीचा (१८०३) भार पडूनही १८०१ मधील सु. ८·३ कोटी डॉलरांचे ऋण १८१२ पर्यंत सु. ४·५ कोटींवर आले. मात्र महसूल मुख्यत्वे आयात जकातीवर अवलंबून असल्याने परदेशी व्यापार खंडित होताच या व्यवस्थेतील उणीव उघड झाली. हॅमिल्टनने स्थापिलेल्या राष्ट्रीय बँकेची उपयुक्तता ओळखून गॅलटिनने तिच्या सनदेच्या नूतनीकरणाची शिफारस केली. परंतु स्वपक्षीयांच्याच विरोधामुळे १८११ मध्ये ती फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध सुरू झाले आणि १८१६ च्या आरंभी ऋण सु. १२·७ कोटी डॉलरांवर गेले.

ज्या युद्धाने त्याचे बारा वर्षांचे कार्य निष्फळ ठरविले, ते संपविणाऱ्या गेंटच्या तहाच्या (१८१४) वाटाघाटींत त्याचा महत्त्वाचा वाटा होता. पुढे तो फ्रान्समध्ये (१८१६–२३) व ब्रिटनमध्ये (१८२६–२७) अमेरिकेचा राजदूत होता. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला. अमेरिकन इंडियनांच्या भाषांच्या वर्गीकरणावरील त्याचा ग्रंथ (१८३६) मूलभूत मानला जातो. १८४२ मध्ये त्याने अमेरिकन मानवजातिवर्णन संस्था स्थापन केली. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाचा त्याने उतारवयात निषेध केला. अ‍ॅस्टोरिया (न्यूयॉर्क) येथे तो मरण पावला.