मोनोग्रामचा चार्ली चॅन

१९४२ साली फॉक्स कंपनीने चार्ली चॅनची चित्रमालिका बंद केल्यावर, त्या भूमिकेतील नट सिडनी टोलर याने स्वतः हक्क मिळवून १९४४ पासून मोनोग्राम या काटकसरी संस्थेत जे तासाभराचे रहस्यपट उभे केले, त्यांत तपासाचे दप्तर कच्चे, भिंती पुठ्ठ्याच्या भासणाऱ्या, आणि खुनी पुष्कळदा अर्ध्या वाटेवरच ओळखू येणारा! चॅन या होनोलुलूच्या चिनी गुप्तहेराचे सोंग गोऱ्या नटाने आणावे, हा दोष तर अक्षम्यच. तथापि संशयितांना एकत्र बसवून चॅन मंद स्वरात एकेकाची जबानी उलगडू लागला, की माझी टीकाबुद्धी तहकूब होते. ‘द स्कार्लेट क्लू’ (१९४५) मध्ये मँटन मोरलँड व बेन कार्टर हे विनोदी नट एकमेकांची वाक्ये अर्ध्यावरच तोडतात आणि तरीही परस्परांना सारे समजते. तेवढ्या प्रवेशासाठी तरी तो चित्रपट अवश्य पाहावा.